बीपी, घराण्याचा वारसा आणि पेशींचं वय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा-यवतमाळच्या सीमेवरच्या गावांमध्ये मी बीपी आणि शुगरचे रुग्ण तपासते. तपासणीच्या दिवशी गर्दीत बोलायला सवड मिळत नाही, मग रात्री मोबाइलवर आवाजी निरोप येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत आहेत.

१. बीपी किती झालं की वाढलं म्हणायचं?

दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर उच्च रक्तदाब धरतात. घरी मोजत असाल तर ही हद्द १३५/८५. मात्र मोजणी नीट झाली पाहिजे. मागच्या पावसाळ्यात एक मावशी चिखल तुडवत आल्या आणि टेकल्या टेकल्या पट्टा बांधून घेतला. वरचा आकडा आला १७२. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून त्यांना दहा मिनिटं गप्प बसवलं आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून पुन्हा मोजलं, तर १४६. गोळी सुरू करायची की नाही, हे असल्या फरकावर ठरतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) नको, लघवी तुंबलेली नको, आणि पट्टा फुगत असताना बोलू नका.

२. मॅडम, माह्या बाबाले बीपी होतं, आज्याले लकवा झाला होता. आता मले बी होईनच काय?

होईलच असं नाही. शक्यता मात्र इतरांपेक्षा जास्त आहे. माणसामाणसांत रक्तदाबाचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण ३० ते ५० टक्के वाटा वारशाचा धरला जातो. बाकीचा वाटा मीठ, वजन, तंबाखू, दारू, वय आणि राहणीमानाचा.

एकाच पिशवीतलं कपाशीचं बियाणं अर्धं काळ्या कसदार जमिनीत आणि अर्धं बरडावर पेरलं तर बोंडं सारखी लागत नाहीत. बियाणं निवडणं आपल्या हाती नव्हतं, वावराची मशागत आहे. तुम्हाला एवढंच सांगते: वडिलांना बीपी असेल तर तिशीपासून वर्षातून एकदा तरी मोजा. त्रास होईल तेव्हा बघू, असं म्हणू नका, कारण बहुतेकांना लकवा मारेपर्यंत काहीच त्रास होत नाही. गडचिरोलीच्या खेड्यांमध्ये 'सर्च' या संस्थेनं मृत्यूंची कारणं अभ्यासली, तेव्हा लकवा हे सर्वांत मोठं कारण निघालं. साधारण सातातला एक मृत्यू लकव्याचा होता.

३. सिकलसेलची रक्ततपासणी होते, तशी बीपीच्या जनुकाची का होत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, आणि तो आपल्याच भागातून येतो. विदर्भात सिकलसेल माहीत नाही असं गाव विरळाच. या रक्ताच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्यामागे एकाच जनुकात एका अक्षराचा (डीएनएच्या एका रासायनिक घटकाचा) बदल असतो. आई आणि वडील दोघांकडूनही तो आला की आजार होतो, एकाकडूनच आला तर माणूस वाहक होतो. हिशोब सरळ आहे, म्हणून तपासणीही सरळ आहे.

बीपीचं तसं नाही. रक्तदाबाशी संबंध असलेल्या जनुकीय जागा आजवर हजाराहून जास्त सापडल्या आहेत. एकेक जागा रक्तदाब जेमतेम थोडासा, बहुतेकदा एका अंकापेक्षाही कमी, वरखाली करते. कुणाच्या वाट्याला चढवणारे बदल जास्त येतात, कुणाच्या वाट्याला कमी. त्यांची बेरीज करून धोक्याचा अंदाज काढता येतो, पण ती गणितं मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेली आहेत आणि आपल्यावर ती तितकी अचूक उतरत नाहीत. १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती 'जीनोम इंडिया' प्रकल्पानं जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. तिच्यातून पुढे फरक पडेल. आज तुमच्या दंडावर बांधलेला पट्टा त्या बेरजेपेक्षा जास्त खरं सांगतो.

एकाच जनुकामुळे बीपी वाढण्याचे काही विरळ आजार आहेत. ते प्रश्न ११ मध्ये पाहा.

४. पेशी म्हाताऱ्या होतात म्हणजे काय? माणूस म्हातारा होतो ते समजतं.

बैलाचा कासरा डोळ्यांपुढे आणा. दोराचा पीळ सुटू नये म्हणून टोकाला गाठ मारतो. वापरून टोक झिजलं की तेवढं कापायचं आणि पुन्हा गाठ मारायची. दर वेळी दोर थोडा आखूड होतो, आणि एक दिवस गाठ मारायला टोकच उरत नाही.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे ९२ टोकं. प्रत्येक टोकाला एकच सहा अक्षरी मजकूर हजारो अक्षरांपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगून दोन झाल्या की हे टोक किंचित आखूड होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत वर्षाला सरासरी २० ते ४० अक्षरं कमी होतात. फार आखूड झालं की पेशी दुभंगणं थांबवते. माणसाच्या पेशी ठरावीक वेळाच दुभंगतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. टेलोमिअर आणि ते पुन्हा लांब करणारं टेलोमरेज नावाचं विकर यांच्या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

थकलेली पेशी मरत नाही आणि कामही करत नाही. उलट सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते आणि शेजारच्या पेशींनाही बिघडवते. पेशींचं म्हातारपण म्हणतात ते हेच.

टोकाची लांबीही जन्मतः सारखी नसते. बायकांची सरासरीनं पुरुषांपेक्षा लांब असतात. ज्या मुलांच्या जन्माच्या वेळी वडिलांचं वय जास्त होतं, त्यांचीही थोडी लांब असतात.

५. मग म्हाताऱ्या पेशींमुळे बीपी वाढतं, की बीपीमुळे पेशी म्हाताऱ्या होतात?

दोन्ही होतं.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. दाब जास्त असला की त्या अस्तराला रोज मार बसतो, विशेषतः वाहिनीला फाटा फुटतो त्या जागी. मार बसला की दुरुस्तीसाठी पेशी दुभंगतात, आणि दुभंगल्या की टोकं झिजतात. रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन हे शरीरातलंच रसायन वाहिनीच्या पेशींना लवकर थकवतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. उलट बाजूनं, थकलेलं अस्तर वाहिनीला सैल सोडणारा नायट्रिक ऑक्साइड पुरेसा बनवत नाही. वाहिनी कडक होते आणि वरचा आकडा चढतो. साठीनंतर वरचा १६० आणि खालचा ७५ असे आकडे दिसतात ते यामुळेच. खालचा चांगला आहे म्हणून खूश होऊ नका, त्यालाही उपचार लागतो.

हृदयाच्या स्नायूची गोष्ट निराळी आहे. त्या पेशी जवळजवळ दुभंगतच नाहीत. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का बदलतात, पुढे त्याहूनही कमी. दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून त्या जाड होतात, आणि पुढे हृदय कमजोर पडतं.

आता जनुकांकडे येऊ. टेलोमरेजचा साचा आणि सांगाडा बनवणाऱ्या जनुकांत माणसामाणसांत बारीक फरक असतात, त्यामुळे काहींची टोकं जन्मापासूनच आखूड असतात. अशा लोकांमध्ये हृदयाच्या धमन्यांचा आजार थोडा जास्त आढळतो. हा फरक जन्मापासूनचा असल्यामुळे, आजारामुळेच टोकं आखूड झाली असतील, ही शंका बऱ्याच अंशी मिटते. दुसरी जागा नवव्या गुणसूत्रावरची. २००७ मध्ये तिचा अटॅकशी संबंध सापडला, आणि पेशीचं दुभंगणं थांबवणारी जनुकं तिथे शेजारीच आहेत. ही जागा बीपी किंवा कोलेस्टेरॉल वाढवत नाही, तरी धोका वाढवते.

हे सगळं वाचून घाबरण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवा. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सर्वांत आखूड टेलोमिअर असलेल्या एक तृतीयांश लोकांना हृदयविकाराचा धोका सर्वांत लांब असलेल्या एक तृतीयांश लोकांच्या सुमारे दीडपट निघाला. आणि ४० ते ६९ वयात बीपीचा वरचा आकडा २० नं जास्त असला की लकवा किंवा हृदयविकारानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दीडपटीवर आज औषध नाही. दुपटीवरची गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

६. टेलोमिअर लांब करायची पावडर बाजारात आली आहे. घ्यावी का?

नको. हजारो रुपये घालवून लोक असले डबे आणतात, आणि त्याच घरात बीपीची गोळी महिनाभर संपलेली असते. याचं मला फार वाईट वाटतं. अशा कुठल्याही पावडरीनं अटॅक टळल्याचा पुरावा नाही. शिवाय लांब टोक म्हणजे सगळं भलंच, असंही नाही. ज्यांची टोकं जन्मतःच लांब असतात त्यांना हृदयविकार थोडा कमी, पण काही प्रकारचे कर्करोग जास्त होतात. पेशीनं ठरावीक वेळेनंतर थांबणं हे आपलं संरक्षणही आहे. कर्करोगाच्या बहुतेक पेशी टेलोमरेज जागं करूनच न थांबता वाढत राहतात.

७. मला टेल्मिसार्टन दिली आहे. ती टेलोमिअरचीच गोळी का?

नाही, नावं सारखी वाटतात एवढंच. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचं काम अडवते (प्रश्न ५) आणि दाब उतरवते. गोळी चांगली आहे, चालू ठेवा. फक्त गरोदर बाईनं किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं ती घेऊ नये. बाळाच्या किडनीला इजा होते.

८. शहरात टेलोमिअर मोजून 'तुमचं खरं वय' सांगतात. मोजून घ्यावं?

पैसे वाचवा. एकाच माणसाचं रक्त दोन ठिकाणी दिलं तर आकडे जुळतीलच याची खात्री नाही, आणि एकाच वयाच्या धडधाकट माणसांतही फार मोठा फरक असतो. अहवाल काहीही आला तरी तुमचा उपचार बदलणार नाही. तेवढ्या पैशांत दंडाला बांधायचं बीपीचं मशीन येईल आणि शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), ईसीजीही होईल.

९. वारसाच वाईट असेल तर मीठ सोडून, चालून काय उपयोग?

उलट अशांनाच जास्त उपयोग. २०१६ मध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्यांमध्येही ज्यांचं राहणीमान चांगलं होतं, त्यांना हृदयविकार जवळपास निम्मा झाला. औषधाचंही तसंच. वरचा आकडा १० नं उतरवला तर अटॅक, लकवा यांसारख्या मोठ्या घटना सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात. वारसा कसाही असो, ज्याचा दाब उतरतो त्याला फायदा मिळतो.

मिठाचं सांगते, कारण इथेच आपण हरतो. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. मोजायची सोपी युक्ती आहे. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख घाला. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. गेल्या वर्षी एका वस्तीतल्या बायकांनी हे करून पाहिलं. एकीची पिशवी अठराव्या दिवशी संपली. ती म्हणे, "मी तं भाजीत बेतानंच टाकतो." मग तिनं स्वतःच शोधून काढलं: ठेचा, लिंबाचं लोणचं, उन्हाळ्यात केलेल्या खारोड्या आणि जेवताना ताटात वाढलेली मिठाची चिमूट. ती चिमूट आधी बंद केली, ठेचा एका वेळेवर आणला. पुढची पिशवी एकोणतीस दिवस गेली. जनावरांना मीठ घालत असाल तर त्याची पिशवी वेगळी ठेवा, नाहीतर हिशोब चुकेल. सैंधव मीठ घेतलं म्हणून सूट मिळत नाही. तेही मीठच.

१०. खर्रा खाल्ल्यानं बीपी वाढतं का? मी बिडी तर ओढत नाही.

वाढतं. निकोटीन धुरातून येवो की गालातून, काही मिनिटांत नाडी आणि दाब दोन्ही चढवतं. पन्नीत घोटलेला खर्रा दिवसातून सात-आठ वेळा तोंडात जातो, म्हणजे तेवढ्या वेळा हे घडतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. गुडाखू आणि नसही यातच आले. एकदम सुटत नसेल तर आधी सकाळचा पहिला खर्रा पुढे ढकला आणि समुपदेशकाला भेटा. माणसं सोडतात, मी पाहिलं आहे.

११. मुलगा २६ वर्षांचा, बीपी १७०/११०. घराण्यातच आहे म्हणून आलं, असं समजावं का?

अजिबात समजू नये. इतक्या लहान वयात इतका आकडा आला तर आधी कारण शोधायचं. किडनीचा आजार, किडनीच्या धमनीचं अरुंद होणं, थायरॉइड, अॅल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त बनणं, महाधमनीची जन्मजात चिमट. लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सोनोग्राफी यांपासून सुरुवात होते. हात आणि पाय दोन्हीकडचा दाब मोजावा.

याच वयात ते एकाच जनुकाचे विरळ आजारही दिसतात. लिडल सिंड्रोममध्ये किडनी मीठ धरून ठेवते, पोटॅशियम बहुधा कमी असतं आणि नेहमीच्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत. ठरावीक गोळी दिली की दाब उतरतो. म्हणून घरात अनेकांना तिशीच्या आत बीपी असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

आणि एक विचारा: तो अंगदुखीसाठी दुकानातून गोळ्या घेतो का? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि स्टेरॉइड दाब वाढवतात. सोयाबीन कापणीच्या दिवसांत मी हे दर वर्षी पाहते.

१२. आमच्या घरचे एवढे बारीक, दिवसभर वावरात राबतात. तरी यायले बीपी कसं काय?

बीपी हा फक्त जाड माणसांचा आजार नाही. मीठ, तंबाखू, दारू, वय आणि वारसा बारीक माणसालाही सोडत नाहीत. अजून एक कारण जन्माआधीचं आहे. कमी वजनानं जन्मलेल्या बाळाच्या किडनीत गाळण्या कमी असतात, आणि पुढे आयुष्यभर त्यांच्यावर ताण पडतो. आपल्याकडे असे कितीतरी जण आहेत ज्यांची आई निंदणाला जाता जाता, अर्धपोटी, त्यांना पोटात वाढवत होती. हा वारसा जनुकांचा नाही, गरिबीचा आहे. तो पुढच्या पिढीत तोडता येतो.

१३. नापिकी, कर्ज, पोरीचं लग्न. टेन्शननं पेशी खरंच लवकर म्हाताऱ्या होतात?

२००४ मध्ये दीर्घ आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या आयांवर अभ्यास झाला. ज्यांना जास्त ताण जाणवत होता त्यांची टेलोमिअर सरासरीनं आखूड निघाली. संबंध आहे. पण कर्ज असलेल्या माणसाला "टेन्शन घेऊ नका" असं मी सांगत नाही, ते त्याच्या हातात नसतं. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते बीपी इतकंच महत्त्वाचं समजून लगेच सांगा. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फुकट बोलता येतं.

१४. गरोदरपणात बीपी वाढलं होतं, बाळंतपणानंतर उतरलं. आता विषय संपला ना?

नाही. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील तर पुढे हृदयविकाराचा आणि लकव्याचा धोका साधारण दुप्पट असतो. बाळाच्या लसीकरणाला याल तेव्हा स्वतःचं बीपीही मोजून घ्या, आणि पुढे दर वर्षी.

१५. बीपी नॉर्मल, तरी घरात पन्नाशीच्या आत दोघांना अटॅक. काय तपासायचं?

कोलेस्टेरॉल. वारशानं येणारं फार जास्त कोलेस्टेरॉल साधारण २५० माणसांत एकाला असतं आणि त्यावर उत्तम औषध आहे. जमलं तर लिपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) एकदा तपासा. ते जवळजवळ पूर्ण वारशानं ठरतं, म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागत नाही. शुगर आणि तंबाखू आहेतच. पहिल्या अटॅकचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ आणि इतरत्र जवळपास ५९ निघालं होतं, पण तो फरक बहुतांशी हेच धोके आपल्याकडे कमी वयात सुरू होतात यामुळे होता.

घरात अटॅकऐवजी "हृदय मोठं झालं" किंवा अचानक मृत्यू असा इतिहास असेल तर इको करा. हृदयस्नायूच्या एका जनुकातला २५ अक्षरं गळालेला बदल आपल्या उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, आणि स्नायूच्या आजाराशी त्याचा संबंध २००९ मध्ये दाखवला गेला. बहुतेक वाहक ठणठणीत असतात. म्हणून जनुक शोधत बसण्यापेक्षा इको आधी.

१६. मे महिन्यात बीपी ११० वर येतं, चक्कर येते. गोळी बंद करू का?

मनानं नको. ४५ अंशांच्या उन्हात वाहिन्या सैलावतात, घामानं पाणी जातं आणि दाब उतरतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. दाखवायला या. बसून आणि उभं राहून दोन्ही वेळा मोजू आणि मात्रा कमी करू. हिवाळ्यात ती बहुधा पुन्हा वाढवावी लागते. उन्हाळ्यात बंद केलेली गोळी दिवाळीपर्यंत आठवतच नाही, आणि थंडीत लकवा होऊन माणूस येतो. हा क्रम मी बरेचदा पाहिला आहे.

१७. सिकलसेलग्रस्त मुलीचं बीपी १३४/८४ आलं. सगळे नॉर्मल म्हणतात. तुम्ही काऊन थांबवलं?

कारण सिकलसेलग्रस्तांचा दाब मुळात बरोबरीच्या लोकांपेक्षा कमी असतो. इतरांसाठी ठीक दिसणारा आकडा त्यांच्यासाठी चढलेला असू शकतो, आणि त्यांना लकवा व किडनीचा धोका आधीच जास्त. त्यांच्यात १३०/८० च्या वर गेलं की उपचाराचा विचार करतात. लघवीतली प्रथिनं तपासतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या जपून देतात, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी विळ्यासारख्या वाकून दुखणं उठतं.

वाहकांचा दाब सहसा इतरांसारखाच असतो, पण किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा बीपी तपासायला याल तर सिकलसेलचं कार्ड सोबत आणा, आणि मी विचारण्याआधीच टेबलावर ठेवा.